अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियस : पाचव्या उन्हाळ्यातील पहिले फूल

मार्च २०२१ मध्ये पेरलेल्या या निवडुंगाच्या २० बियांपैकी ९ रोपे आज शिल्लक आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठ्या, सुमारे साडेचार सेंटिमीटर व्यासाच्या रोपाला या एप्रिलमध्ये पहिले फूल आले. फूल पिवळे, मध्यभागी तांबूस-नारिंगी आणि रोपाहून थोडे रुंदच होते.

जी रोपे गेली, त्यांतील बहुतेक माझ्याच समजुतीने गेली. निवडुंग म्हटल्यावर ऊन हवेच, असे धरून दुसऱ्या उन्हाळ्यात मी कुंड्या गच्चीवर उघड्या ठेवल्या आणि चार रोपे भाजली. टेक्सासमधील स्टार काउंटी आणि मेक्सिकोतील तामाउलिपास व न्युव्हो लेऑन येथील सखल, काटेरी झुडपांच्या रानात ही प्रजाती बहुधा झुडपांच्या विरळ सावलीत वाढते. तिला स्वतःला काटे नसतात. साधारण आठ उभ्या फाका, त्यांवर लोकरीचे गोल ठिपके आणि पांढरे शिंतोडे, एवढेच. तेव्हापासून रोपे शेडनेटखाली आहेत.

दुसरी चूक अधिक बोचते. कोरड्या दिवसांत हे रोप आक्रसून मातीच्या पातळीला येते, चपटे होते. मूळ अधिवासात ते असे मातीत जवळजवळ दिसेनासे होते. मला ते मरत आहे असे वाटले, मी भरपूर पाणी घातले आणि तीन रोपे मुळाशी कुजली.

त्या प्रदेशात पाऊस मुख्यतः वसंताच्या अखेरीस व सप्टेंबरमध्ये पडतो, मधला उन्हाळा कोरडा जातो. कोल्हापुरात नेमका जुलै सर्वांत ओला. म्हणून मे महिन्यातील वळवाचा पाऊस मी रोपांना मिळू देतो, मात्र जून ते सप्टेंबर कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली, वारा खेळेल अशा जागी असतात. मिश्रण चाळलेला मुरूम, विटांचा चुरा आणि अगदी थोडे पालापाचोळ्याचे खत असे आहे.

ही प्रजाती स्वतःच्या परागाने बी धरत नाही. पहिले फूल दोन दिवसांत मिटले आणि दुसऱ्या रोपावरील कळी त्यानंतर आठवड्याने उमलली, त्यामुळे यंदा बी नाही. जंगलातून उपटलेली रोपे घेणे हा मार्ग अर्थातच नाही. अमेरिकेने १९९३ मध्ये ती संकटग्रस्त ठरवली असून वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टातही ती आहे. दुसऱ्या फुलाचे परागकोश कागदाच्या पुडीत बांधून फ्रिजमध्ये ठेवले आहेत. पहिल्या रोपावर सध्या आणखी एक कळी फुगत आहे.