हात गार होता म्हणून आजार लपला

मी नसांच्या तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणजे एनसीव्ही (नसेतून करंट किती वेगाने जातो ते बघायचं), ईएमजी (स्नायूतला करंट बघायचा) वगैरे. बरीच वर्षं झाली, पण ती एक केस अजून डोक्यातून जात नाही.

तिशीतल्या शिक्षिका होत्या, सोबत भाऊ. सकाळी एकदम ठणठणीत, दुपारनंतर डावी पापणी खाली यायची, एकाचे दोन दिसायचे आणि शेवटच्या तासाला आवाज नाकातून यायला लागायचा. दीड वर्ष जो तो टेन्शन आहे, झोप कमी पडतेय असंच सांगत होता. डॉक्टरकडे जायच्या त्या सकाळच्या वेळी आणि सकाळी काही दिसायचंच नाही, हीच तर गोची.

आधी साधी एनसीव्ही केली. हाताच्या नसेचा वेग 58 मीटर प्रति सेकंद, म्हणजे एकदम छान. मग आमच्या डॉक्टर सरांनी लिहिलेली दुसरी टेस्ट घेतली, मायस्थेनियासाठीची, म्हणजे नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट न पोचण्याचा आजार. मनगटापाशी सेकंदाला 3 या गतीने 10 शॉक द्यायचे आणि करंगळीच्या स्नायूचा रिस्पॉन्स पहिल्यापासून चौथ्या-पाचव्यापर्यंत किती उतरतो ते बघायचं. 10 टक्क्यांच्या वर घट गेली तर शंका घ्यायची. यांची आली 6. मी "नॉर्मल" टाईप करायला घेतलं होतं, खरंच.

इलेक्ट्रोड काढताना त्यांच्या बोटांना हात लागला आणि मी थांबलो. बर्फासारखी गार बोटं. एसी फुल होता आणि मी सुरुवातीला टेंपरेचर बघितलंच नव्हतं, चूक माझीच. मोजलं तर कातडी 27 डिग्री.

आता गार हाताने काय बिघडतं? नस स्नायूला थेट चिकटलेली नसते, मध्ये फट असते, मिलिमीटरच्या साधारण 20 हजाराव्या भागाएवढी. नसेतून आलेला करंट तिथेच थांबतो, पुढचा निरोप ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन नेतं. ते पलीकडे स्नायूवरच्या रिसेप्टरना जाऊन लागलं की स्नायू आखडतो, आणि लगेच एक एन्झाईम ते रसायन तोडून टाकतं नाहीतर स्नायू मोकळाच होणार नाही. लागोपाठ शॉक दिले की दर वेळी सुटणारं रसायन थोडं थोडं कमी होत जातं, हे तुमच्या माझ्यात पण होतं, पण आपल्याकडे रिसेप्टर इतके भरपूर असतात की काही फरक पडत नाही. मायस्थेनियात शरीराच्याच अँटीबॉडी ते रिसेप्टर कमी करतात. मग पहिला निरोप पोचतो, चौथा अर्धवट राहतो. आणि गारव्यात ते एन्झाईम मंद होतं, रसायन जास्त वेळ टिकतं, त्यामुळे असलेली घट झाकली जाते.

गरम पाण्याची पिशवी आणली, हात 33 डिग्रीवर येईपर्यंत धरून बसलो. परत टेस्ट. 19 टक्के. मग कानापुढे शॉक देऊन नाकाजवळच्या स्नायूवर घेतली तर 34. स्क्रीनवर रिस्पॉन्स पायऱ्यांसारखे खाली उतरत होते, मी सरळ सरांना बोलवायला पळालो.

एव्हाना दुपार झालेली, पापणी निम्म्यावर आलेली. सरांनी ग्लोव्हमध्ये बर्फ भरून दोन मिनिटं मिटलेल्या डोळ्यावर ठेवला. काढला आणि डोळा उघडला, पूर्ण! भाऊ बघतच राहिला. ज्या गारव्याने माझ्या मशीनवर आजार लपवला होता त्याच गारव्याने इथे तो उघडा पाडला. मिनिटभरातच पापणी परत उतरायला लागली, पण आम्हाला जे बघायचं ते बघून झालं होतं.

सरांनी रक्ताची अँटीबॉडी टेस्ट आणि छातीचा सीटी लिहिला, कारण या आजारात थायमस ग्रंथीची गाठ असू शकते. ते एन्झाईम अडवणाऱ्या गोळ्या असतात हेही नीट समजावलं. मला आवर्जून सांगावंसं वाटतं, 1934 मध्ये मेरी वॉकर या डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं की हा आजार क्युरारे या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषाच्या बाधेसारखा दिसतो, म्हणून त्यांनी त्या विषावरचा उतारा पेशंटला देऊन बघितला आणि तो लागू पडला. आजच्या गोळ्या त्याच वाटेवरच्या.

निघताना त्या ताई दारातून परत आल्या. म्हणाल्या, "दादा, तो उतरत जाणारा ग्राफ आहे ना, त्याची अजून एक प्रिंट द्याल का? घरी दाखवायचाय." मी दोन काढून दिल्या.