व्हिलन कुठंय?

शाळेच्या युनिफॉर्मचा सीझन जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एकदाचा ओसरला आणि कटिंगच्या टेबलाखाली पांढऱ्या शर्टिंगचे दोन लांबोडके तुकडे उरले. भाचा कॉलेजातल्या मित्राचा प्रोजेक्टर घेऊन आला होता. मी ते तुकडे आडवे जोडून मशीन मारली, वरखाली नाडी घातली, झाला पडदा. शिवण नेमकी मधोमध आली. त्यामुळं पुढं सिनेमातल्या तोतोरोच्या, म्हणजे झाडात राहणाऱ्या गलेलठ्ठ केसाळ प्राण्याच्या, पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ दिसत होती, आणि खालच्या मजल्यावरचा पोरगा अजूनही म्हणतो की त्याचं ऑपरेशन झालंय.

सिनेमा मुलीनं निवडला. ‘माय नेबर तोतोरो’, हायाओ मियाझाकींचा, १९८८ चा, जपानी ॲनिमेशनपट. खाली इंग्रजी अक्षरं. आमच्या गच्चीवरच्या वीस-बावीस जणांत ती पळती अक्षरं वाचू शकणारे दोघंच. म्हणून सातवीतली माझी मुलगी पडद्याशेजारी स्टूल टाकून बसली आणि वाचून मोठ्यानं मराठीत सांगायला लागली. शेजारचा मुलगा नव्यानं राहायला आलेल्या बहिणींना ओरडून सांगतो की तुमच्या घरात भुतं आहेत. हिनं केलं, “ए, तुमच्या घरात लई भुतं हायत बे!” गच्ची हसली. तिथून पुढं सिनेमा आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातलाच झाला.

बहिणी दोन, सात्सुकी आणि मेई. बाप विद्यापीठात शिकवतो. आई दवाखान्यात, म्हणून दवाखान्याजवळच्या खेड्यात जुनं घर घेतलंय. त्या घरात काजळीचे काळे गोळे राहतात आणि उजेड पडला की भिंतीच्या फटीत पळतात. आमच्याकडं काज-बटण करणाऱ्या बाईंचं आयुष्य लूमच्या शेडशेजारी गेलंय. त्या लगेच म्हणाल्या, “रुईचे पुंजके अस्सेच पळतेत. फक्त पांढरे.”

मोठा तोतोरो पडद्यावर यायला अर्धा तास लागतो. तोवर पोरं घर झाडतात, पंपाचं पाणी काढतात, आंघोळ करतात. दाजींना हे सोसेना. “व्हिलन कुठंय?” पुन्हा दहा मिनिटांनी, “आता येतोय का व्हिलन?” त्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ नाही. सिनेमात खरंच दुष्ट कुणी नाही. मारामारी नाही, शाप नाही, जादूची तलवार नाही. तोतोरो तर बोलतसुद्धा नाही, नुसता आ करून डरकाळी फोडतो. दाजी शेवटी मोबाइल काढून बसले, पण मांजरबस आली तेव्हा मान वर केली ती खाली घातली नाही, हे मी पाहिलंय. बारा पायांची, आतून केसाळ गाद्या असलेली बस. “आपल्या एसटीला अशा सीटा असत्या तर,” असं पुटपुटले. कौतुकच ते.

माझ्या आईचं मत वेगळंच. बाप पोरींना घेऊन त्या प्रचंड कापराच्या झाडासमोर वाकतो आणि आभार मानतो, तिथं तिनं नकळत हात जोडले. मग मला विचारलं, “हा झाडातला म्हणजे मुंजाच की?” मी म्हटलं, तसंच समज. “मग गुणी मुंजा आहे,” म्हणाली आणि पाय पसरून बसली.

पावसातल्या बसस्टॉपवर मात्र सगळी गच्ची गप्प झाली. रात्र, धो-धो पाऊस, पाठुंगळी झोपलेली मेई, शेजारी येऊन उभा राहिलेला तो ढेरपोट्या. सात्सुकी वडलांसाठी आणलेली छत्री त्याला देते. छत्रीवर झाडावरचे टपोरे थेंब पडतात, त्याला आवाज आवडतो, म्हणून तो एकच उडी मारतो आणि झाडावरचं सगळं पाणी खाली येतं. आमच्याकडं त्या जुलैत ढग नुसते वरून फिरून जात होते. मागून कुणीतरी म्हणालं, “हेला घेऊन ये बे सोलापूरला.”

अव्वांबद्दल सांगायचं राहिलं. समोरच्या घरातल्या, सत्तरीच्या, तेलुगू. बिड्या वळायचं सूप मांडीवर घेऊनच आल्या होत्या. पडद्याकडं बघत हात चालूच. पानात जर्दा, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा. मेई हरवते, गावकरी तळ्यात बांबू घालून शोधायला लागतात आणि म्हातारी शेजारीण तळ्यात सापडलेली लहानशी चप्पल हातात धरून पुटपुटत बसते, तेव्हा अव्वांचे हात थांबले. “अय्यो.” चप्पल मेईची नाही हे कळेपर्यंत सुपातलं पान तसंच उघडं.

भाच्यानं इथंच घोळ घातला. पोरी खरं तर मेलेल्या आहेत, शेवटी त्यांच्या सावल्या पडत नाहीत, असं त्यानं इंटरनेटवर वाचलेलं. सिनेमा बनवणाऱ्या स्टुडिओ घिब्लीनं हे कधीच खोडून काढलंय, तरी ही आवई मरत नाही. अव्वांना तेलुगूत कुणीतरी सांगितलं, तर त्या भाच्यावरच भडकल्या. मलाही राग आला. ज्यात आई दवाखान्यातून घरी येते, तेवढंही लोकांना बघवत नाही की काय?

मी सगळा वेळ ताईकडं बघत होतो, हे आता कबूल करतो. १९८४ साली आईला टीबी झाला आणि ती चार महिने मिरजेला दवाखान्यात होती. मी सहा वर्षांचा, ताई अकराची. वडील गिरणीत, पाळीवर. सात्सुकी सकाळी उठून तिघांचे डबे भरते ते आलं तेव्हा ताई पुढं सरकून बसली. दवाखान्यात आई तिचे केस विंचरते तिथं आमची आई एकदम म्हणाली, “खाट अशीच होती, खिडकीला लागून.” ताई काही बोलली नाही.

मेई हरवण्याआधी दवाखान्यातून तार येते, आईचं घरी येणं लांबतं. मेई हट्ट करते, सात्सुकी तिच्यावर ओरडते, आणि मग शेजारच्या म्हातारीसमोर ही शहाणी पोर भोकाड पसरून रडते. आई मेली तर काय करू, म्हणते. माझी मुलगी ते वाक्य सांगायची थांबलीच. सांगायची गरजही नव्हती.

“बरं झालं रडली,” ताई म्हणाली. फक्त एवढंच.

जपानात हा सिनेमा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ या युद्धातल्या भावाबहिणीच्या, रडवून सोडणाऱ्या सिनेमाला जोडून एकाच खेळात दाखवला होता. कुठल्या काळजाची माणसं होती ती, देव जाणे. आमच्याकडं नंतर पोहे होते.

पडद्याची घडी घालायला ताईच होती, दोन टोकं तिच्याकडं, दोन माझ्याकडं. मी वाचलेलं तिला सांगितलं की मियाझाकींच्या मनात आधी एकच मुलगी होती, मग तिच्या दोन केल्या. म्हणूनच दोघींच्या नावाचा अर्थ एकच, मे महिना. सात्सुकी हे त्याचं जुनं जपानी नाव आणि मेई म्हणजे इंग्रजी ‘मे’.

ताईनं शिवणीवरून हात फिरवून घडी दाबली.

“एकच असती तर डबे कुणी केले असते?”