झाकण

रविवार, रात्री साडेअकरा

बोट ठणकतंय, पण झोप त्यामुळे उडालेली नाही.

सकाळी आठपासून पार्किंगमध्ये होतो. इनोव्हा २००९ ची. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत फेऱ्या मारून, पर्यावरण कर भरून आरसी २०२९ पर्यंत वाढवून घेतली. मग आतलं फायबरही नीट असावं असं मनात आलं. घोडबंदरच्या उन्हात उभी राहून डॅशबोर्डची पट्टी पांढरट पडलेली, गिअरभोवतीचं कव्हर तडकलेलं, मधल्या बॉक्सच्या झाकणाचं लॉक तुटलेलं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर त्याच रंगाचा सेट मिळाला, दुसऱ्या गाडीतून उतरवलेला.

गाडी आधी तासभर उन्हात लावली. थंड फायबर कडक असतं, ओढलं की क्लिपेसकट तुटतं. मग बॅटरीचा निगेटिव्ह सोडवला, गिअरची मूठ फिरवून काढली, बॉक्सच्या तळाचे स्क्रू, शेवटी पट्टी. बटणांची सॉकेट मागून खटका दाबूनच सुटतात, तिथेच बोट कापलं. तरी पाच क्लिपा गेल्याच. दुपारी दोनला सगळं बसलं. कुठे फट नाही, खडखड नाही. जुनं फायबर लगेच भंगारात दिलं. सहा तासांत वरून कुणी डोकावलं नाही, चहासुद्धा आला नाही. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

संध्याकाळी अण्णा काठी टेकत खाली आले. पुढच्या सीटवर बसले, झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"हे कुणाचं?"

आतल्या बाजूला साईबाबांचा अर्धा फाटका स्टिकर. आमच्या झाकणाला तिथे अण्णांचं अक्षर होतं. बॉलपेनने, ओळीखाली ओळ: तारीख, किलोमीटर, काय बदललं. मी ते पाहिलं होतं. हातात धरून पाहिलं होतं, आणि मला ते मळकट वाटलं.

धावत गेलो. टेम्पो दुपारीच गेला होता.

आई काय बोलली ते लिहीत नाही. अण्णा काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दोन मजले चढून विचारायला काय झालं होतं मला? "अण्णा, हे ठेवायचं का?" एवढंच. गाडी माझ्या नावावर झाल्यापासून मी... जाऊ दे.

जेवणं झाल्यावर झाकण काढून वर आणलं. स्टिकर खरवडायला घेतला तर अण्णांनी हात धरला. "राहू दे. कुणीतरी भक्तीनं लावला असेल." मग मीच मार्कर घेऊन त्यांच्यासमोर बसलो.

"टायमिंग बेल्ट?"

"दीड लाख किलोमीटरला. पालीहून आल्यावर."

"क्लच प्लेट?"

"तुझ्या लग्नाच्या आधी."

तारीख नाही, नेमका आकडा नाही. सांगितलं तसंच लिहिलं, स्टिकरच्या खाली. तीन ओळी झाल्या. चौथीला अण्णा अडलेत, रेडिएटर की वॉटर पंप, ते आठवत नाहीये. आतल्या खोलीत अजून दिवा आहे.