काळा किती काळा

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आणि आता मॉनिटरही जायच्या तयारीत आहे. २०१३ साली घेतलेला २२ इंची. डावीकडून चार बोटं सोडून एक हिरवी उभी रेघ आली आहे. कडेला दोन थपडा मारल्या की जाते, तासाभराने परत येते. आज चौथ्या थपडेलाही गेली नाही.

बजेट २५ हजार. त्याच्या वर गेलो तर बाबा काही बोलणार नाहीत, फक्त बघतील.

मॉनिटर म्हणायला माझा. दिवसा ऑफिसचं काम, रात्री गेम. पण हॉलमधल्या टीव्हीवर बाबांच्या बातम्या आणि क्रिकेट, त्यामुळे साडेनऊला आई उशी घेऊन माझ्या खोलीत येते, खाटेवर आडवी होते आणि जुने ब्लॅक अँड व्हाइट मराठी सिनेमे लावायला सांगते. मी खुर्चीत, पडद्यापासून सव्वादोन फुटांवर, नाकासमोर. ती सात फुटांवर, तिरकी. दहा बाय दहाच्या खोलीत खाट दुसरीकडे कुठे मावत नाही.

२८ ऑक्टोबर

तीन रात्री वाचन. डोकं भणाणलंय.

फोर-केचा मोह आवरला. त्यात सुमारे ८३ लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, १४४०पीमध्ये ३७ लाख. माझं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०. बैलाला झेपेल तेवढीच गाडी भरायची. २७ इंचांवर १०८०पीचे मात्र कण दिसतात, तेव्हा १४४०पी ठरलं.

पेटीवरच्या ‘१ मिलिसेकंद’चं मोल बायोडेटातल्या पगाराइतकंच. पिक्सेलला रंग बदलायला लागणारा तो वेळ. कोणत्या सेटिंगला, कोणत्या रंगावरून कोणत्या रंगावर जाताना मोजला, ते आधी विचारायचं. ‘एचडीआर ४००’चा, म्हणजे उजेड-अंधार जास्त ठळक दाखवण्याचा, स्टिकरही तसाच. त्या पातळीचे बहुतेक पॅनेल पडद्यामागचा प्रकाश जागोजागी वेगळा मंद करू शकत नाहीत, सगळा एकदम वाढवतात. चंद्र उजळला की रात्रही उजळते.

एक गोष्ट मात्र वाचून बरं वाटलं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने येतं. ६० ला २४ने भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोनदा दाखवायचं, पुढचं तीनदा. कॅमेरा सावकाश फिरायला लागला की जो बारीक हिसका बसतो, तो याचा. इतकी वर्षं मी त्याचा दोष इंटरनेटला देत होतो. १२० ला भाग जातो पाच वेळा, १४४ ला सहा वेळा. म्हणजे जादा हर्ट्‌झ नुसते गोळ्या झाडणाऱ्यांसाठी नाहीत.

भाचा म्हणतो, “मामा, अल्ट्रावाइड घे.” म्हणजे जास्तीच रुंद पडदा. तो स्वतः व्हॅलोरंट हा गेम खेळतो, आणि तो गेम पडद्याची पूर्ण रुंदी वापरतच नाही. तरी मोजून पाहिलं. ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची साधारण ३३ सेंटिमीटर, २७ इंची साध्याचीही तेवढीच. नुसती रुंदी वाढते. नवे रुंद सिनेमे त्यावर काठोकाठ बसतात, हे खरं. पण आईचे सिनेमे जवळजवळ चौकोनी. त्यांना अल्ट्रावाइडवर दोन्ही बाजूंना सतरा-सतरा सेंटिमीटर काळ्या पट्ट्या येणार, वीत थोडी कमी. २७ इंचीवर त्या साताच्या आसपास.

१ नोव्हेंबर, शनिवार

लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. रविवारी बरीचशी दुकानं बंद आणि मध्य रेल्वेला मेगाब्लॉक, म्हणून आजच. डोंबिवलीहून फास्ट, दादरला बदलून ग्रँट रोड, पूर्वेला उतरलं की पाच मिनिटं.

पेन ड्राइव्हवर तीन गोष्टी नेल्या होत्या. एक पूर्ण काळं चित्र, एका जुन्या सिनेमातला रात्रीचा प्रसंग, आणि काळ्यावर राखाडी अक्षरं सरकतात अशी फाइल. पहिल्या दोन दुकानांत पेन ड्राइव्ह लावूच देईनात. तिसऱ्यातल्या पोराने लावला, वर ट्यूबलाइटकडे बोट दाखवून म्हणाला, “दादा, इथे काळं काय बघणार? सगळं काळंच दिसतं.”

अगदी बरोबर. दुकानात सहा ट्यूबा पेटलेल्या, पलीकडच्या भिंतीवर फुलपाखरं आणि धबधबे. त्या उजेडात स्वस्तातला पॅनेलही मखमलीसारखा दिसतो. खोटं उघडं पडतं ते रात्री अकराला, दिवा बंद केल्यावर. बटण सगळ्या काउंटरला मिळून एकच, त्यामुळे बंद करता येईना. मग त्यानेच टीव्हीचं रिकामं खोकं आणलं, तळ फाडला आणि दोन्ही मॉनिटरांवर तिरकं धरलं. मी मुंडी आत घातली. जुन्या फोटोग्राफरसारखी. बाहेरून कोणीतरी हसलं.

आत मात्र सगळं स्पष्ट झालं. डावीकडे व्हीए, उजवीकडे आयपीएस, पॅनेलचे दोन प्रकार. व्हीएचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण ३,०००:१, आयपीएसचा १,०००:१. आकडे वाचून काही होत नाही, शेजारी शेजारी पाहिल्यावर होतं. तेच चित्र व्हीएवर रात्र होती. आयपीएसवर ओली पाटी, आणि खालच्या कोपऱ्यात फिकट धूर.

व्हीए घ्यायचा ठरवूनच मुंडी बाहेर काढली. मग आईची खाट आठवली. पोराला खोकं धरूनच ठेवायला सांगितलं, डावीकडे सरकलो आणि कमरेत वाकलो. नायिकेचा चेहरा फिका पडला, गालावरची सावली गेली. समोरून सुंदर, कडेने धुतल्यासारखा. त्यात तो वाकडाही होता, १५००आर, म्हणजे दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. हा वाक मधोमध बसणाऱ्याच्या सोयीचा. खाटेवरून जवळची कड उगाच डोळ्यात भरते. शेवटची फाइल लावली, तर सरकत्या अक्षरांमागे ओली शाई बोटाने फासावी तसा माग. अंधाऱ्या गल्लीत पळताना हेच दिसणार.

उजवीकडचा आयपीएस कडेनेही जवळजवळ तसाच. काळा तेवढा नव्हता, पण जो होता तो दोघांना जवळपास सारखा.

पोराचे हात भरून आले होते. विकत काही न घेता निघालो, त्याची लाज वाटून एक एचडीएमआय केबल घेतली. घरी दोन पडून आहेत.

४ नोव्हेंबर

ओएलईडीचं नाव काढलं नाही तर ही रोजनिशी खोटी ठरेल. त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो, म्हणून काळा म्हणजे खरोखर काळा, कडेनेही. किंमत माझ्या बजेटच्या बरीच वर. पण मन मारायला किंमत लागली नाही, ऑफिसचं एक्सेल पुरलं. तोच टास्कबार, त्याच उभ्या-आडव्या रेघा, रोज नऊ तास. स्थिर चित्राचा डाग पडण्याची भीती तिथेच. सिनेमाच्या रात्रीवर मला कॉलम ‘डी’चं भूत नको.

त्याच दुकानात फोन केला. २७ इंच, १४४०पी, आयपीएस, १८० हर्ट्‌झ. पोराने ओळखलं. “खोकंवाले दादा ना?”

८ नोव्हेंबर, शनिवार

आणला. मांडीवर धरून दादर ते डोंबिवली. लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पूर्ण रंग लावून तपासलं, मेलेला पिक्सेल नाही. पेटीतून निघाला तेव्हा ब्राइटनेस जवळजवळ पूर्ण होता, डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. ३० वर आणला.

गेम लावला, गुळगुळीत वाटला. भाच्याला कौतुकाने दाखवायला गेलो तर त्याने माऊस दोनदा गोल फिरवला आणि म्हणाला, “मामा, हा साठलाच चाललाय.” विंडोजने आपलं ६० धरून ठेवलं होतं. दीड तास मी ज्याचं कौतुक करत होतो तो वेग जुन्या मॉनिटरचाच. सेटिंगमध्ये १८० केलं. सिनेमाच्या वेळी १२० करायचं, कारण १८० लाही २४ने भाग जात नाही.

रात्री आई आली. दिवा बंद केला, सिनेमा लावला. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, ओली पाटी. मला दुसरं काही दिसेना.

“एवढा अंधार कशाला?” म्हणत आई उठली आणि टेबलामागच्या बोर्डावरचा झिरोचा बल्ब लावून परत आडवी झाली. लहानपणापासून ऐकतोय, अंधारात टीव्ही बघू नका. सांगणार होतो की अगं, त्याने आणखी बिघडेल. पण बल्ब मॉनिटरच्या बरोबर मागे. त्याचा उजेड पडद्यावर न पडता भिंतीवर पसरला, आणि पट्ट्या काळ्या झाल्या. मॉनिटर तोच, डोळ्यांना तुलनेला भिंत मिळाली. लोक यासाठी मागे चिकटवायच्या एलईडी पट्ट्या विकत घेतात.

“बघ, आता चेहरा नीट दिसतोय,” आई म्हणाली.

९ नोव्हेंबर

खोकं माळ्यावर. आईचा हुकूम, आणि वॉरंटीही तीन वर्षं आहे.

एक खोट राहिली. झिरोचा बल्ब लाल आहे. अर्धा तास त्याच्याकडे डोळे लागले की ब्लॅक अँड व्हाइट सिनेमातला पांढरा सदरा किंचित हिरवट वाटतो. आईला काही वाटत नाही, मला वाटतं. उद्या कोपऱ्यावरून पांढरा आणायचा, अर्ध्या वॅटचा.