क्रॅक सॉफ्टवेअर काढून लीगल सेटअपवर आलो - माझा अनुभव

आमच्या बँडचं सगळं रेकॉर्डिंग ज्या लॅपटॉपवर चालायचं त्यात म्युझिक सॉफ्टवेअर आणि प्लगइन्स (त्यात जोडायचे वाद्यांचे-इफेक्टचे छोटे प्रोग्राम) क्रॅकवालेच, म्हणजे लायसन्स तोडलेले पायरेटेड होते, आधी जो बघायचा त्याने टाकलेले. काम माझ्याकडे आलं तेव्हा काहीच उघडलेलं नसताना फॅन जोरात फिरायचा, टास्क मॅनेजर बघितला तर व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) चालू, जे आमच्यातल्या कुणी टाकलंच नव्हतं.

शोधल्यावर कळलं की हा प्रकार जुना आहे. ईसेट या अँटीव्हायरस कंपनीने २०१९ मध्ये लाउडमायनर नावाचा मालवेअर पकडला होता, तो क्रॅक व्हीएसटीसोबत (व्हीएसटी म्हणजे हेच म्युझिक प्लगइन्स) यायचा आणि मागच्या मागे व्हर्च्युअल मशीनमध्ये छोटं लिनक्स चालवून मोनेरो ही क्रिप्टोकरन्सी माइन करायचा, म्हणजे आपल्या मशीनच्या ताकदीवर दुसऱ्यासाठी कमवायचा. म्युझिकवालेच का, तर आपल्याकडे मशीन दमदार असतं, सीपीयू वर गेला तरी आपण प्लगइनला दोष देतो आणि फाइल कितीही मोठी असली तरी शंका येत नाही. २०२० मध्ये मॅकवर थीफक्वेस्ट आला, तोही पायरेटेड सॉफ्टवेअरमधूनच, तो तर फाइल्सच लॉक करायचा. इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद करा असं सांगतात ना, तिथेच थांबायला हवं.

फॉरमॅट करायचं ठरलं, पण खरं काम त्याच्या आधीचं आहे. नेट बंद केलं, प्रत्येक प्रोजेक्ट उघडून एकेक ट्रॅक अगदी शून्यापासून पूर्ण लांबीचा २४ बिट वेव्ह ऑडिओ फाइलमध्ये काढला, मिडी (आवाज नाही, फक्त कुठला सूर कधी वाजतो याची नोंद) वेगळी काढली आणि टेम्पो, म्हणजे गाण्याचा वेग, फाइलच्या नावातच लिहिला. शून्यापासून काढलं की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाका, सगळे ट्रॅक आपोआप जुळतात, नाहीतर मग बसा सरकवत. बाहेर फक्त वेव्ह आणि मिडी नेल्या, एकही इन्स्टॉलर नाही. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले, हे विसरू नका.

नंतर फॉरमॅट करून रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर टाकलं. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, त्यानंतरही उघडतं पण म्हणून ते फुकट नाही, लायसन्स घ्या, आम्ही घेतलं. पूर्ण फुकट हवं असेल तर वेव्हफॉर्म फ्री, एलएमएमएस, मॅकवर गॅरेजबँड आहेतच. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतो पण विकत घेईपर्यंत तो परत उघडत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं.

गाणं आणि गिटार आमचंच रेकॉर्डिंग, ते तसंच वापरलं. सिंथचे (सिंथेसायझरचे) वेव्ह क्रॅक प्लगइनमधून आलेले, ते मात्र फक्त ऐकून जुळवायला ठेवले आणि मिडीवरून आवाज नव्याने बनवले. सर्ज हा सिंथ पूर्वी विकतचा होता, २०१८ मध्ये ओपन सोर्स झाला, त्याचंच पुढचं रूप सर्ज एक्सटी, आमचे बहुतेक पॅड (मागे लांबत राहणारे मऊ सूर) त्यातच झाले. यामाहा डीएक्स७ सारखा इलेक्ट्रिक पियानो डेक्स्ड या प्लगइनमधून निघाला, रिव्हर्बला (आवाजाच्या घुमण्याला) वल्हाला सुपरमॅसिव्ह. बेसने जास्त वेळ खाल्ला, व्हायटल या सिंथमध्ये तो आधीपेक्षा जाड आला आणि किक (ड्रमचा खालचा ठोका) दबायला लागली, मग टीडीआर नोव्हा या इक्वलायझरने बेसचा खालचा भाग किकच्या जागी थोडा कमी केला तेव्हा बसला, आणि खरं सांगतो, जुन्या मिक्सपेक्षा आता किक स्वच्छ ऐकू येते.