पडद्यावरचा वर्ग

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढच्या सत्रात नाशिकमधला माझा सहावीचा वर्ग मोबाइलवर भरू लागला. सातपूर-अंबडचे कारखाने पुन्हा सुरू झाल्यावर मुलांच्या घरातला एकुलता स्मार्टफोन वडिलांबरोबर कामावर जाई, म्हणून अपूर्णांकांचा तास मी रात्री घेऊ लागले. एक मुलगी ओट्याशी बसून, कुकरची शिट्टी होताच माइक बंद करून, भाकरीचे चार भाग कॅमेऱ्यासमोर धरी. इतके नेमके उत्तर मला वर्गातही क्वचितच मिळाले होते. सुरगाण्याकडे गावी गेलेल्या मुलांना मात्र रेंजच मिळत नसे. सरकारच्या ‘दीक्षा’ अ‍ॅपवरचे धडे चांगले असूनही त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते, आणि ही विषमता मला आजही अस्वस्थ करते. त्यांचे स्वाध्याय मी हाताने लिहून गावाकडे जाणाऱ्यांबरोबर पाठवत असे.