गुलमर्गच्या नोंदी: पोल सोडायला शिकताना

मागच्या हंगामात स्कीइंग करताना उजव्या अंगठ्याचं लिगामेंट (हाडांना जोडणारा तंतूंचा बंध) अर्धवट फाटलं होतं. त्यामुळे यंदा गुलमर्गला जाताना वेग, वळणं यातलं काहीच ठरवलं नव्हतं. एकच गोष्ट अंगवळणी पाडायची होती: पडताना पोल, म्हणजे हातातल्या स्कीइंगच्या काठ्या, सोडून देणं.

हे लिगामेंट अंगठ्याच्या बुडाशी, तर्जनीकडच्या बाजूला असतं. तोल गेला की हात आपोआप पुढे जातो. तळव्यात पोलची मूठ असेल, तर हात टेकताच ती अंगठ्याला बाहेर रेटते आणि सगळा ताण या लिगामेंटवर येतो.

सराव बेबी स्लोपवर, म्हणजे नवशिक्यांच्या सौम्य उतारावर केला. आधी उभ्याउभ्याच मुठी उघडून दोन्ही पोल बाजूला टाकायचे. मग हळू घसरताना तेच, आणि मग मुद्दाम कुशीवर पडताना, हात छातीशी ठेवून. शरीर सुरुवातीला अजिबात ऐकत नाही. घाबरलं की मूठ आणखी आवळली जाते. म्हणून मित्राला मागून कधीही ‘सोड!’ असं ओरडायला सांगितलं. शेवटी झाडांमधून उतरताना खरोखर पडलो तेव्हा विचार करायच्या आतच दोन्ही पोल सुटले होते. यंदाची माझी सगळ्यात मोठी कमाई हीच.

पोलच्या मुठीला असलेल्या मनगटी पट्ट्यांबद्दल माझं मत आता पक्कं आहे. पट्टा मनगटात असेल तर मूठ उघडूनही पोल हाताला लोंबतच राहतो, म्हणून उतरताना पट्टे काढलेले बरे. झाडांमध्ये तर नक्कीच, कारण पोल फांदीत अडकला तर खांद्यालाही हिसका बसतो. गुलमर्गच्या खालच्या टंगमर्ग गावाकडे उतरताना मध्ये सपाट भाग लागतो, तिथे रेटा द्यायला ते पुन्हा घालावेत. झटका बसताच सुटणारे पट्टेही मिळतात, पण मूठ उघडण्याची सवय ते लावत नाहीत.

अंगठ्याला आधार देणाऱ्या ब्रेसवर नेहमीचा ग्लोव्ह चढेना. एक माप मोठं मिटन (चारही बोटं एकत्र ठेवणारा हातमोजा) घेतलं, तेव्हा हात गरमही राहिला.

एवढं करूनही लागलंच, तर? अंगठ्याच्या बुडाशी आतल्या बाजूला सूज आली, चिमटीत किल्ली धरून फिरवता येईना, तर ‘लचकलंय’ म्हणून सोडून देऊ नका. ग्लोव्ह आणि अंगठी लगेच काढा, बर्फ कापडात गुंडाळून शेका, अंगठा आधार देऊन बांधा आणि हाडांच्या डॉक्टरांना गाठा. अंगठा स्वतः वाकवून पाहायचा मोह टाळा. हाडाचा तुकडा निघाला असेल तर तो सरकू शकतो, म्हणून आधी एक्स-रे. लिगामेंट त्यात दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात.

अर्धवट फाटलेलं सहसा 4 ते 6 आठवडे स्प्लिंट (अंगठा हलू न देणारा आधार) लावून जुळतं. पूर्ण फाटलेल्याचं टोक कधीकधी शेजारच्या स्नायूच्या पडद्यावर येऊन अडकतं. स्वीडनच्या बर्टिल स्टेनर यांनी 1962 मध्ये याचं वर्णन केलं. ते टोक आपल्या जागी परत जात नाही, शस्त्रक्रियाच लागते, आणि ती पहिल्या काही आठवड्यांत झालेली चांगली. दुर्लक्ष केलं तर सांधा कायमचा सैल राहतो.

माझा अंगठा थंडीत अजून आखडतो. फिजिओने दिलेला पुट्टीचा (हातात दाबायच्या मऊ गोळ्याचा) व्यायाम चालू आहे. तर्जनी-अंगठ्याची चिमटी आता घट्ट बसते, डब्याचं झाकण उघडताना मात्र कळ येते. डाव्या हाताने पोल उशिरा सुटतो. पुढच्या हंगामात आधी त्याच्यावर काम.